आईच्या पानाचा गोग्रास

आमच्या फणसवाडीच्या तोंडाशी, देवळाच्या बाहेरच्या भिंतीला लागून, एक गाय बांधलेली असे. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका आणि डावे शिंग कानाकडे किंचित वळलेले. सकाळी सातच्या सुमारास तिची मालकीण तिला घेऊन येई, भिंतीतल्या लोखंडी कडीला दावे बांधी, शेजारी हिरव्या गवताच्या पेंढ्या रची आणि एका पालथ्या डब्यावर बसून राही. कामावर निघालेली माणसे तिच्याकडून एक पेंढी विकत घेत, गाईपुढे धरत, तिच्या पाठीला लावलेला हात कपाळाला लावत आणि पुढे जात. शाळेत जाताना मीही वर्षानुवर्षे हेच केले. त्या मालकिणीला सगळी वाडी मावशी म्हणे. ती मूळची साताऱ्याकडची. गाय तिची स्वतःची होती, आणि तिच्याखेरीज मावशीला दुसरा आधार नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. दरवर्षी एकदा तरी फळ्यावर गाईचे पोट काढावे लागे. चार कप्पे, पहिला सर्वांत मोठा. त्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात, गवत खरे तर तेच पचवतात आणि गाय त्यांच्या जिवावर जगते, हे मी मुलींना समजावून सांगे. गाईला एकाएकी भरपूर भात, पीठ किंवा गोड मिळाले तर त्या कप्प्यात भलतेच आंबते, आम्ल वाढते, ते सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्यामागोमाग गाय आजारी पडते, हेही सांगे. मुली ते वहीत उतरवून घेत. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न असे.

फळ्यासमोर मी कधी अडखळले नाही. वर्गाबाहेर मात्र साधे वाक्यही माझ्या तोंडून वेळेवर निघत नाही. ते मनात तयार होते, मी ते तपासते, त्यातला एखादा शब्द बदलते, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. निवृत्त झाल्यावर एका पितृपक्षात मी धीर करून एक फलक लिहिला होता. पांढऱ्या जाड कागदावर, निळ्या शाईने, शाळेतल्या अक्षरात: ‘गाईस शिजवलेले अन्न घालू नये, ही नम्र विनंती.’ तो देवळाच्या भिंतीला लावायचा, तर कुणीतरी विचारणार की हे कुणी लिहिले, आणि मग मला बोलावे लागणार. फलक कपाटाच्या मागे उभा राहिला तो तिथेच राहिला.

पितृपक्षाचे पंधरा दिवस आमच्याकडे त्या गाईला फार मागणी असते. श्राद्धाच्या पानातला एक घास कावळ्याचा आणि एक गाईचा. कावळे गच्चीवर येतात, पण गाय येत नाही, तिच्याकडे जावे लागते. तिथी माहीत नसलेले, सुटी न मिळालेले, घरी भटजी न आलेले असे सगळेजण सर्वपित्री अमावास्येला एकदमच तिथे उतरतात. केळीच्या पानावर भात, वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे, पुऱ्या. घास म्हणून कुणी घास आणत नाही. गेलेल्या माणसाला कमी कसे वाढायचे, म्हणून सगळे पान भरून येते.

आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळपासून मावशी गाईला चारा घालत नसे. तिच्या मनात क्रूरपणा नव्हता. गाईने पानावरून तोंड फिरवले की घरच्या माणसांचे चेहरे पडतात, आपल्या माणसाचे काहीतरी राहून गेले असे त्यांना वाटते. रांगेत एकीचे पान नाकारले गेले की पुढच्या दहाजणी धास्तावतात. उपाशी गाय कुणाचेही पान नाकारत नाही, हे मावशीला अनुभवाने ठाऊक होते.

गेल्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी आईचे पान घेऊन गेले. आईला जाऊन दीड वर्ष झाले होते आणि वर्षश्राद्धानंतरचे, पितृपक्षातले हे तिचे पहिलेच पान होते. भाऊ नाही, तेव्हा ते माझ्याकडेच आले. स्वयंपाक आयुष्यभर आईने केला. मी तो साठीनंतर, ती अंथरुणावर असताना, तिच्याकडून तोंडी ऐकून शिकले. त्यामुळे त्या दिवशी माझी पहिली खीर लागली, दुसरी करावी लागली, आणि देवळाशी पोहोचायला दीड वाजला. रांग संपत आली होती. भिंतीलगत उष्ट्या पानांचा ढीग पडला होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या.

माझ्यापुढे दोघीच होत्या. तेवढ्या वेळात मी गाईकडे पाहिले, आणि मला जे दिसले ते मी आज नाकारू शकत नाही. तिची डावी कूस पाठीच्या कण्याच्या बरोबरीने फुगून आली होती. ती रवंथ करत नव्हती. कान खाली पडले होते आणि एक मागचा पाय ती सारखा पोटाखाली ओढून घेत होती. जणू मीच काढलेली आकृती कुणी माझ्यासमोर आणून उभी केली होती, फक्त नावे द्यायची बाकी होती. ‘आता पुरे करा,’ एवढेच मला म्हणायचे होते. तीन शब्द. मी ते मनात जुळवत असताना माझी पाळी आली.

मी पान पुढे केले. गाईने ते हुंगले आणि तोंड फिरवले.

आमच्या तळमजल्यावर राहणारे एक काका तिथे खुर्ची टाकून बसले होते. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर बरीच कामे करून थकलेले, आणि सगळ्या वाडीची थट्टा करायचा हक्क असलेले. ते मोठ्याने म्हणाले, “बाई, खीर गोड केलात मा? तुमच्या आवशीक साखर जरा जास्तीच लागायची!”

दोघी-तिघी हसल्या. मीही हसल्यासारखे केले. पण इतकी वर्षे विज्ञान शिकवलेल्या माझ्या मनात त्या क्षणी एकच विचार आला, की आई माझ्यावर रागावली आहे. शेवटच्या महिन्यात मी तिला एकदा ओरडून बोलले होते. ते तिने मनात ठेवले आहे, आणि आता सगळ्यांसमोर ती माझे पान परत करते आहे.

मावशी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, “थांबा ताई, वाईट वाटून घेऊ नका. ह्यो गुळाचा खडा घ्या. भातात दाबा आन् तोंडाशी न्या. घेईल ती.”

मी गूळ घेतला. भाताचा गोळा केला, त्यात तो दाबला, डाव्या हाताने गाईचा जबडा धरला आणि तिच्या ओठांशी गोळा नेला. तिने मान ओढली. मी पुन्हा नेला. तिच्या तोंडाला आंबूस वास येत होता. तोही मला ओळखीचा असायला हवा होता, आणि होता. तिसऱ्यांदा तिने गोळा घेतला आणि मी एकामागून एक सगळे पान तिला भरवले. काका म्हणाले, “पोचला, पोचला!” माझे डोळे भरून आले. मी घरी जाऊन जेवले आणि कित्येक महिन्यांनी दुपारी शांत झोपले.

पाच वाजता दूध आणायला खाली उतरले, तेव्हा मावशी गाईला जवळच्या वखारीमागच्या आवारात न्यायचा प्रयत्न करत होती. रोज रात्री तिला तिथे बांधत. गाय चार पावले चालली, दारू प्यायलेल्या माणसासारखी डोलली, परत फिरली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मावशीने तिला ओवा आणि हिंग पाजले होते. “दरवर्षी येका दिसात उतरतं,” ती म्हणाली. मला सांगत होती की स्वतःला, ते कळले नाही.

मला एकच पशुवैद्य ठाऊक होती. ती माझी विद्यार्थिनी, चिंचपोकळीला तिचा दवाखाना आहे. नंबर माझ्याकडे होता, पण आजवर मी तिला कधी फोन केला नव्हता. तो लावायला मला जिन्यात उभे राहून दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटेही मी या हिशेबात धरते.

“बाई, मी कुत्री-मांजरंच बघते हो,” ती म्हणाली. “गाय कॉलेज सुटल्यापासून हाताळली नाहीये. पण येते. तोवर पाणी सोडून काही देऊ नका तिला.”

ती तासाभरात आली. गाईच्या डाव्या कुशीत तिने मूठ दाबली, मग स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली. आत काही हलत नव्हते, नुसते पाणी डचमळत होते. अंग गार लागत होते. गाय दात खात होती, आणि दगडावर दगड घासावा तसा तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“काय खाल्लंय हिनं?”

“प्लॅस्टिक खाल्ल्यान असतला, दुसरा काय!” काका म्हणाले. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हल्लीच्या पिशव्या, हल्लीची माणसे. प्रत्येकाला ते पटले, कारण पिशव्या दुसऱ्याने टाकलेल्या असतात.

डॉक्टरने भिंतीलगतच्या पानांच्या ढिगाकडे पाहिले. मग मावशीला विचारले, “शेवटचं कधी खाल्लं? आणि स्वतःहून खाल्लं का?”

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिले. “दुपारी,” ती म्हणाली. “खाल्लं तिनं.”

मी डॉक्टरची बॅग उघडून धरली.

डॉक्टरने नळीवाटे सोड्याचे पाणी गाईच्या पोटात घातले, शिरेतून सलाईन लावले आणि बाटली धरायला मला उभे केले. मी हात उंच करून उभी होते. तेवढ्या वेळात तिने आजारी जनावरे इस्पितळात नेणाऱ्या गाडीसाठी तीन फोन केले. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “पोट उघडून रिकामं करायला हवं, बाई. ते रस्त्यावर नाही होत. गाडी उद्या दुपारपर्यंत येईल. आज सर्वपित्री आहे ना, सगळीकडून गाईंचेच फोन आहेत त्यांना.”

“दुसरं काहीच नाही?”

“निरोगी गाईच्या पोटातला रस काढून पाजतात, त्यानं थोडं सावरतं कधीकधी. पण आज गिरगावात निरोगी गाय आणायची कुठून?” मग ती थांबली. “तुम्हीच शिकवलंत हे आम्हाला. तुम्ही तर इथंच राहता. तुम्हाला दिसलं नाही?”

तिने ते आरोप म्हणून विचारले नव्हते. तिला खरोखरच आश्चर्य वाटले होते. सलाईनची बाटली किंचित खाली आली, तेव्हा तिने माझे कोपर धरून ती पुन्हा वर केली.

बाटली संपली आणि मी घरी गेले. मावशी तिथेच बसून राहिली. मी राहिले नाही, हे सांगायला हवे.

दुसरा दिवस घटस्थापनेचा. सकाळी सहापासून देवळात गर्दी, माळा, लाउडस्पीकर. गाय आता खाली बसली होती, मान वळवून कुशीत घातलेली, डोळे खोल गेलेले. पाठीमागे राखाडी, आंबट वासाचे पातळ शेण पसरले होते आणि मावशी ते पुन्हा पुन्हा पाण्याने धूत होती. नवी साडी नेसलेल्या बायका ओचे सावरून बाजूने जात. देवळाच्या व्यवस्थेतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, “जरा पलीकडे घेता येईल का हिला? घट बसायचेत.” मावशी म्हणाली, “तुम्ही उठवा, साहेब. माझ्यानं उठत न्हाई.” ते आत गेले.

डॉक्टर दवाखान्यात जाण्याआधी येऊन गेली. पुन्हा सोडा, पुन्हा बाटली. ती निघताना मी तिच्यामागे वाडीच्या दारापर्यंत गेले आणि सांगितले, “शेवटचं पान माझं होतं. ती घेत नव्हती. मी भरवलं.”

तिने बॅग खांद्याला लावली. “एका पानानं काही झालं नसतं, बाई.”

ते खरे होते. शास्त्राच्या दृष्टीने अगदी खरे. रांगेतल्या प्रत्येकाच्या बाबतीत तेच खरे ठरले असते.

साडेअकराच्या सुमारास गाईने पाय ताणले. मावशीने तिचे डोके मांडीवर घेतले, पण ते तिला पेलले नाही, अर्धे खाली फरशीवरच राहिले. आत आरती चालू होती. झांजा थांबल्या तेव्हा गाय गेलेली होती. आजारी जनावरांची गाडी आली ती बारा वाजून गेल्यावर. मग तिने न्यायचे काय, म्हणून ती परत गेली, आणि मेलेली जनावरे नेणारी दुसरी गाडी आली.

त्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाडीतली बरीच माणसे गोळा झाली होती. काका म्हणाले, “मी कालच सांगलय. प्लॅस्टिक.”

“प्लॅस्टिक नाही,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “भातानं गेली ती. काल आपण सगळ्यांनी जो भात घातला, त्यानं.”

मग काका खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “म्हंजे आमच्या बापाशीच्या भातान गाय मेली, असा म्हणतास काय तुमी?”

मला हो म्हणायचे होते. आईच्याही, असे पुढे जोडायचे होते. काकांचे वडील गिरणीतून येऊन संध्याकाळी कठड्याशी बसत, मला लहानपणी श्रीखंडाच्या गोळ्या देत; ते मला आठवले. मी मान खाली घातली. “तसं नाही,” असे काहीतरी माझ्या तोंडून निघाले, आणि माणसे पांगली. जाताना एकजण म्हणाला, “शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं.” तासाभरात वाडीत पुन्हा प्लॅस्टिकच ठरले.

मावशीने गाईच्या गळ्यातली घंटा आणि दावे सोडून पिशवीत ठेवले. उरलेल्या पेंढ्या तशाच होत्या. मी तिच्याजवळ बसले. ती रडत नव्हती.

“मला ठाऊक होतं, ताई,” ती म्हणाली. “दरवर्षी तिचं पोट फुगायचं. पण लोकं आईबापाचं पान घेऊन येत्यात, त्यास्नी न्हाई कसं म्हणू? मी अडाणी. मला वाटायचं, येवढी शिकलेली माणसं घालत्यात, तर चालत असंल.” मग माझ्याकडे न बघता, “तुम्ही बी घातलंत.”

त्या दुपारी मी कपाटामागचा फलक काढला. शाई उडाली नव्हती. मी तो परत ठेवला. आता तो कुणासाठी लावायचा, ते मला कळेना.

मावशी गावी गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. वसुबारसेच्या आधी तिने कुठूनशी दुसरी गाय आणली, पांढरी, अंगाने लहान. तीच कडी, तेच दावे. आम्ही एकमेकींशी त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही. मी रोज एक पेंढी घेत असे आणि गाय ती खाईपर्यंत तिच्या डाव्या कुशीकडे पाहत असे.

यंदा सर्वपित्री आली. आदल्या संध्याकाळी मी मावशीला विचारले, “उद्या काय करायचं?”

“मी तिला उपाशी ठेवायची न्हाई,” ती म्हणाली. “पोटभर वैरण घालून आणते. मग जे पान ती घेईल ते घेईल. पण लोकांस्नी मी सांगणार न्हाई. ते तुम्ही सांगा. मी बोलले तर उद्यापास्नं माझ्याकडं कुणी येणार न्हाई.”

मी हो म्हणाले. सकाळी नऊला माझे पान घेऊन मी गाईशेजारी जाऊन उभी राहिले. काय बोलायचे ते पाठ केले होते. गाय निवांत रवंथ करत होती. पहिली बाई आली ती आमच्याच वाडीतली. तिचा नवरा गेल्या वर्षीच्या वैशाखात गेला होता. तिने पान पुढे केले. गाईने हुंगले आणि तोंड फिरवले. तिने पुन्हा केले. गाय मागे सरली.

त्या बाईचा चेहरा मी पाहिला. गेल्या वर्षी माझा तसाच झाला असणार.

“बाई,” ती मला म्हणाली, “का घेत नाही हो?”

“तिचं पोट भरलंय,” मी म्हणाले. “आणि भात तिला सोसत नाही. गेल्या वर्षीची त्यानंच गेली. तुम्ही गवताची एक पेंढी घाला ना त्यांच्या नावानं. ती घेईल.”

मी एवढे सलग बोलले याचे मलाच नवल वाटले. तिने ऐकूनही घेतले. पेंढीकडे पाहिले, मग हातातल्या पानाकडे.

“त्यांना वडे फार आवडायचे,” ती म्हणाली. “पहाटे उठून केलेत. हे मी कुठं ठेवू?”

याचे उत्तर मी पाठ केले नव्हते. तिच्यामागून कुणीतरी म्हणाले, “पलीकडच्या गल्लीत पण एक गाय असते. ती सगळ्यांचं घेते.” बाईने पदराने पान झाकले आणि ती तिकडे वळली. तिच्यामागे दुसरी वळली, मग बाकीच्या. यंदाही तिथेच बसलेल्या काकांनी खुर्ची उचलली नाही, पण आपले पान नातीकडे देऊन तिला त्या बाजूला पाठवले.

मावशी डब्यावर बसून होती. तिने न खपलेल्या पेंढ्या पुन्हा रचल्या.

माझ्या हातात आईचे पान होते. खीर या वेळी लागली नव्हती. मी ते गाईपुढे धरले, कशासाठी ते सांगता येणार नाही. तिने हुंगले आणि तोंड फिरवले. मी गूळ आणला नव्हता. पान तसेच हातात धरून मी उभी राहिले, आणि पलीकडच्या गल्लीतून बायकांचा आवाज वाढत चालला होता, त्यावरून तिकडची रांग किती लांब झाली असेल याचा अंदाज मला येत होता.